हंडीच्या बाहेर

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे ठाकतात आणि गोटमार होते. त्याच्या कितीतरी आधी, उजाडता उजाडता, मटणाच्या दुकानांपुढे गर्दी झालेली असते. बोकड टांगलेला, खाटकाचा हात भराभर चालतो आहे. पोट उघडल्यावर आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याला कधीकधी एक पातळ, पाण्यानं भरलेली पिशवी लोंबताना दिसते. आत एकच पांढरा ठिपका. जुन्या खाटकाला तिचं नवल नसतं. सुरीचं टोक लागतं, पिशवी सुटते आणि ओट्याखाली पडते. तिथं कुत्रं बसलेलं असतंच.

त्या पांढऱ्या ठिपक्यात एका पट्टकृमीचं डोकं असतं. टीनिया हायडॅटिजिना हे त्याचं शास्त्रीय नाव. कुत्र्याच्या आतड्यात ते डोकं चिकटतं, कृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर येतात, गवत शेळी खाते, आणि पुढं कधीतरी आणखी एका बोकडाच्या पोटात तशीच पिशवी निघते. माणसाला या कृमीपासून त्रास नाही. पण त्याच ओट्याखाली कधी काळजाचा, कधी फुफ्फुसाचा असाही तुकडा पडतो, ज्यात जाड, दुधाळ भिंतीची गाठ असते. ती एकिनोकॉकस नावाच्या दुसऱ्या पट्टकृमीची. कुत्र्याला दोन्ही सारखेच. माणसासाठी मात्र दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण या दुसऱ्या कृमीची गाठ माणसाच्या यकृतातही वाढते.

जनावरांतल्या कृमींचा विषय निघाला की लोक एकच प्रश्न विचारतात: मग मटण खायचं की सोडायचं? प्रश्न साहजिक आहे, पण तो आपली नजर चुकीच्या जागी नेतो. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर भागात ज्या पद्धतीनं मटण शिजतं, त्यात कृमी जगण्याची शक्यता जवळजवळ नाही. हा धोका हंडीत पोचतच नाही. तो ओट्याखालून कुत्र्याकडे, नाल्याकडून डुकराकडे, तिथून मातीत, भाजीवर, पाण्यात आणि हातावर येतो. त्यामुळे जन्मात मांसाला न शिवलेला माणूसही त्याच्या वाटेत उभा असतो. हे नीट समजलं की काय करायचं तेही समजतं.

आधी हंडीचंच पाहू. या पट्ट्यात कोष्टी समाजाची जुनी वस्ती आहे आणि त्यांच्यासोबत सावजी मटणही आहे. मसाला काळा होईस्तोवर परतायचा, मटण त्यात घोळवायचं आणि मंद आचेवर तासभर तरी रटरटू द्यायचं. मांसातल्या कृमींना मारायला एवढी उष्णता लागतही नाही. डुकराच्या मांसातल्या पट्टकृमीच्या अळीसाठी सबंध तुकड्याचा गाभा ६३ अंश सेल्सिअसला पोचून थोडा वेळ तसाच राहिला तरी पुरतं. खिम्याला ७१ अंश लागतात, कारण खिमा करताना बाहेरचं आत आणि आतलं बाहेर झालेलं असतं. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एकपेशीय परजीवी स्नायूंत सूक्ष्म कोष करून राहतो, तो ६७ अंशांच्या आसपास मरतो. रटरटणारा रस्सा याच्या फार वर असतो. हाड सुटेपर्यंत शिजवलेल्या मटणाला या बाबतीत कसलीही भीती नाही.

भीती आहे ती निखाऱ्यावरच्या घाईला. शेतावरच्या पार्टीत कलेजीचे तुकडे तारेत ओवून भाजतात. बाहेरून काळे पडतात, आतून ओलसर गुलाबी राहतात, आणि कलेजी अशीच मऊ हवी असा आग्रहही असतो. टोक्सोप्लाझ्माला नेमकी एवढीच फट पुरते. धडधाकट माणसाला बहुधा काही कळतही नाही, फार तर चार दिवस अंग मोडून येतं. पण गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर परजीवी वारेतून बाळापर्यंत पोचतो. गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्याला किंवा मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून गरोदर बाईनं कच्चा खिमा मळताना मीठ पाहायला जिभेवर ठेवू नये, कच्चं मांस हाताळलं तर हात साबणानं धुवावेत, आणि घरातल्या मांजरीची घाण दुसऱ्या कुणी काढावी. हा परजीवी मांजरीच्या आतड्यात पूर्ण वाढतो आणि तिच्या विष्ठेतून बाहेर पडतो.

रानडुकराबद्दलही इथंच सांगायला हवं. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख, पलीकडे पेंचचं जंगल. हरभऱ्यात आणि मक्यात रानडुकरं घुसतात, शेतकरी वैतागतो, आणि कधी चोरून शिकारही होते. शिकार बेकायदा आहे. शिवाय त्या मांसाला कुणीच तपासलेलं नसतं. ट्रिचिनेला नावाची सूक्ष्म अळी रानडुकराच्या स्नायूत गुंडाळी करून बसते आणि खाणाऱ्याच्या स्नायूत जाऊन पुन्हा तशीच बसते. भारतात हा आजार दुर्मीळ आहे, पण उत्तराखंडात गावजेवणातल्या अर्धवट भाजलेल्या रानडुकराच्या मांसातून अनेकजण एकदम आजारी पडल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे.

काळजात दिसणाऱ्या आणखी एका कृमीविषयी सांगून टाकतो, कारण त्याला पाहून माणसं सर्वांत जास्त घाबरतात आणि तिथं भीतीचं कारण सर्वांत कमी. बोकडाचं काळीज कापताना पित्ताच्या नळ्यांतून चपटे, पानाच्या आकाराचे, तपकिरी कृमी निघतात. हा यकृतकृमी. शेळीला तो पाणथळ जागेतल्या गोगलगायींच्या मार्फत होतो. शेळी खंगते, जबड्याखाली सूज येते. माणसाला यकृतकृमी होतो तो पाण्याकाठच्या कच्च्या वनस्पतींवर चिकटलेल्या त्याच्या कोषांतून. शिजवलेलं काळीज खाऊन होत नाही. असं काळीज टाकून द्यावं हे खरं, पण ते चुकून खाल्लं गेलं म्हणून झोप उडवून घेण्याचं कारण नाही.

आता ओट्याखालच्या कुत्र्याकडे येऊ.

एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा पूर्ण वाढलेला पट्टकृमी जेमतेम दोन ते सात मिलिमीटर लांब असतो. एका कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो असले तरी कुत्रं हिंडतं-फिरतं, शेपूट हलवतं, त्याला काही होत नाही. गाठ खाल्ल्यापासून सहा-सात आठवड्यांत त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. ती त्याच्या केसांनाही चिकटतात. पोरं त्याच्याशी खेळतात, तोच हात तोंडात जातो. कोथिंबिरीच्या वाफ्यात, अंगणात, विहिरीच्या काठावर अंडी सांडलेली असतात. कडक कोरड्या उन्हात ती लवकर मरतात, त्यामुळे इकडचा उन्हाळा आपल्या बाजूचा आहे. पावसाळ्यातली ओल आणि संत्र्याच्या बागांतली दाट सावली मात्र त्यांना जगवते.

माणसाच्या पोटात गेलेल्या अंड्यातून अळी निघते, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि बहुतेक वेळा यकृतात अडकते. साधारण दहांतल्या सात गाठी यकृतात, दोन फुफ्फुसात, उरलेल्या कुठंही. गाठ वर्षानुवर्षं सावकाश वाढते. दहा-पंधरा वर्षांनी उजव्या बरगडीखाली जड वाटू लागतं, सोनोग्राफीत पाण्यानं भरलेला गोळा दिसतो आणि डॉक्टर हायडॅटिड असं नाव सांगतात. ती फुटली तर आतल्या द्रवामुळे जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, आणि आतली असंख्य सूक्ष्म डोकी पोटभर विखुरून नव्या गाठी धरतात. म्हणून शस्त्रक्रिया नाजूक असते आणि तिच्या आधी-नंतर अल्बेंडाझोलच्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात. ज्याच्या पोटातून गाठ काढली त्यानं कदाचित कधी बोकड चाखलाही नसेल. या कृमीच्या चक्रात मांस खाणारा प्राणी कुत्रा असतो.

इथं एक बारकावा आहे आणि तो पांढुर्णा-सौंसरसाठी फार महत्त्वाचा आहे. मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी कत्तलखान्यांतल्या जनावरांच्या गाठी तपासल्या, तेव्हा त्या सर्वाधिक गुरांत आणि म्हशींत निघाल्या. शेळ्या-मेंढ्यांत फारच कमी. म्हशींत आढळणारा वाणच सगळ्यांत जास्त पसरलेला दिसला. यामागे वय हे एक मोठं कारण आहे. बोकड वर्ष-दीड वर्षाचा होतो न होतो तोच कापला जातो, गाठीला वाढायला वेळच मिळत नाही. बैल, गाय, म्हैस मात्र पंधरा-वीस वर्षं चरतात.

मध्य प्रदेशात गोवंशाच्या कत्तलीला २००४च्या कायद्यानं बंदी आहे, तेव्हा या जिल्ह्यात गाई-बैलांचं मांस दुकानात येत नाही. पण गाई-बैल मरतात तर खरे. कापसाच्या शेतात आयुष्य काढलेला, दर पोळ्याला शिंगं रंगवून, झूल घालून, पुरणपोळी भरवून पुजलेला बैल म्हातारा होऊन मरतो. कुणी त्याला शेतात पुरतं. अनेक ठिकाणी तो गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी नेऊन टाकतात. पूर्वी तिथं गिधाडं उतरत आणि बघता बघता सांगाडा उरे. गिधाडाच्या आतड्यात एकिनोकॉकस वाढत नाही. गाठ त्याच्या पोटात गेली की साखळी तिथंच तुटायची. नव्वदच्या दशकात गिधाडं झपाट्यानं नाहीशी झाली, कारण जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या मूत्रपिंडात गेलं. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर देशातल्या मुख्य जातींची गिधाडं शंभरातली एखाद-दुसरीच उरली होती. त्यांच्या जागी कुत्री आली. म्हाताऱ्या बैलाच्या फुफ्फुसातली गाठ, वांझ (आत डोकी नसलेली) नसली तर, आता थेट कुत्र्याच्या पोटात जाते आणि कुत्रं संध्याकाळी गावात परततं. गिधाडांच्या जाण्याबरोबर रेबीजची चर्चा पुष्कळ झाली. या गाठींची व्हायला हवी तेवढी झाली नाही, याची मला खंत वाटते.

हे थांबवता येतं याचा पुरावा दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. आइसलँडमध्ये मेंढ्या चिक्कार, कुत्री चिक्कार आणि पोटात गाठी असलेली माणसंही चिक्कार. १८६३ मध्ये हाराल्ड क्राबे नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ तिथं गेला. त्यानं १०० कुत्री तपासली, त्यांतल्या २८ कुत्र्यांत हा कृमी सापडला. मग त्यानं साध्या भाषेत एक पुस्तिका लिहिली आणि ती घराघरांत फुकट वाटली गेली. सांगणं एवढंच होतं: गाठी असलेले अवयव कुत्र्याला घालू नका, जाळा किंवा पुरा, आणि कुत्र्यांना जंताचं औषध द्या. १८६९ मध्ये कुत्र्यांबद्दल कायदा झाला, १८९० मध्ये तो आणखी कडक झाला. पुढच्या काही पिढ्यांत हा रोग त्या देशातून जवळजवळ पुसला गेला. त्या काळी कृमीवर आजच्यासारखं खात्रीचं औषध नव्हतं, सोनोग्राफी नव्हती. थंडीच्या लांबच लांब रात्री माणसं घरात वाचत बसत, आणि त्यांनी ती पुस्तिका वाचली.

पांढुर्णा आणि सौंसर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळे होऊन नवा जिल्हा झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्य सरकारनं उघड्यावर, परवान्याशिवाय मांस-मासे विकण्यावर बंदीचा आदेश काढला. दुकानांना पडदे लागले, काचा लागल्या. ग्राहकाला दिसतं ते झाकलं गेलं. कृमीच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते ग्राहकाला न दिसणारं: बोकड नेमका कुठं कापला, कापण्याआधी कुणी पाहिला, आणि वजडी, काळीज, फुफ्फुस यांतलं टाकाऊ कुठं गेलं. कत्तलखान्यांसाठी केंद्राचे २००१चे नियम आहेत. त्यांत एका पशुवैद्यानं तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत असं म्हटलं आहे, म्हणजे तपासणी घाईत उरकली जाऊ नये. हा आकडा वाचला की मोठ्या शहरातला कत्तलखाना डोळ्यांपुढे येतो. आठवडी बाजाराच्या दिवशी रामाकोन्याला, लोधीखेड्याला किंवा पिपळा नारायणवारला झाडाखाली दोन बोकड कापणाऱ्या माणसापर्यंत पशुवैद्य पोचणार कसा?

पोचत नाही, हे धरून चाललं तरी पुष्कळ काही करता येतं. खाटकाच्या ओट्याजवळ खोल, झाकणाचा खड्डा हवा, कुत्र्याला उकरता येणार नाही असा. गाठ असलेला तुकडा त्यात टाकायचा. कुत्र्याला काळीज-फुफ्फुस घालायचंच असेल तर आधी पाण्यात अर्धा तास उकळायचं. तेवढ्यानं गाठीतली डोकी मरतात. गावातल्या पाळीव कुत्र्यांना प्राझिक्वांटेलची गोळी वर्षातून किमान चारदा द्यायची, आणि गोळी दिल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतली विष्ठा पुरायची, कारण औषधानं कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. मेलेला बैल खोल पुरायचा. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. नगरपालिकेचा एक ठराव आणि ग्रामपंचायतीचा एक जेसीबी एवढ्यावर बरंच भागतं. आणि खाटकाशी बोलायला हवं, त्याला दरडावायला नको. जनावराच्या पोटात काय असतं ते त्याच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. त्याला गाठीचं नाव आणि परिणाम सांगितला तर तालुक्याचा पहिला तपासनीस तोच होईल.

दुसरी साखळी डुकराची, आणि ती अधिक क्रूर आहे, कारण ती मेंदूत संपते.

टीनिया सोलियम हा पट्टकृमी फक्त माणसाच्या आतड्यात वाढतो. दोन ते चार मीटर लांब, वर्षानुवर्षं जगणारा. त्याच्या शेवटच्या पेरांत प्रत्येकी हजारो अंडी असतात, आणि ती पेरं शौचावाटे बाहेर पडतात. ज्याच्या पोटात हा कृमी असतो त्याला बहुधा पत्ताही नसतो. शौच उघड्यावर झालं आणि मोकाट डुकरानं ते खाल्लं की अंड्यांतल्या अळ्या डुकराच्या स्नायूंत जाऊन बसतात. मांसात साबुदाण्यासारखे, पाणीदार, पांढुरके दाणे दिसतात. पारखी लोक डुकराची जीभ ओढून तिच्या खालच्या बाजूला हे दाणे पाहतात. असं मांस कच्चं राहिलं आणि माणसानं खाल्लं, की दाण्यातलं डोकं आतड्यात चिकटतं आणि नवा पट्टकृमी वाढू लागतो.

दाण्याचा आणि पट्टकृमीचा हा संबंध सिद्ध झाला त्याची कथा अंगावर काटा आणणारी आहे. जर्मनीतल्या फ्रीडरिश क्यूखनमायस्टर या डॉक्टरनं १८५५ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या जेवणात, त्याला न सांगता, डुकराच्या मांसातले हे दाणे घातले. फाशीनंतर शवविच्छेदन केलं तेव्हा आतड्यात कोवळे पट्टकृमी चिकटलेले मिळाले. शास्त्राला उत्तर मिळालं, पण त्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. त्या काळीही काहींनी यावर टीका केली होती आणि ती रास्त होती.

इथवरचा भाग डुकराचं मांस खाणाऱ्यांचा. पुढचा सगळ्यांचा. टीनिया सोलियमची अंडी डुकराऐवजी माणसाच्याच तोंडात गेली, तर डुकराच्या स्नायूत जे होतं तेच माणसाच्या अंगात होतं: दाणे. कातडीखाली झाले तर छोट्या गाठी लागतात. डोळ्यात झाले तर नजर जाते. मेंदूत झाले तर फिट येते. वाफसलेल्या वाफ्यातून उपटलेला मुळा, पालक, आणि मटणावर वरून भुरभुरलेला कच्चा सांबार (कोथिंबीर) व कांदा यांच्यावरून ही अंडी येतात, किंवा पोटात कृमी असलेल्या आणि शौचानंतर हात न धुतलेल्या कुणाच्याही हातून येतात. तासभर रटरटलेलं मटण निर्धोक असतं. त्यावर शेवटच्या क्षणी पडणारा न धुतलेला सांबार तसा नसतो. सांबार वाहत्या पाण्यात, एकेक काडी सोडवून, दोन-तीनदा धुवावा.

या आजाराची ओळख जगाला पटली त्यात भारताचा मोठा वाटा आहे, जरी आपल्याला तो फारसा ठाऊक नसला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात नोकरी करून इंग्लंडला परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना अचानक फिट येऊ लागल्या. काहींना वेडसर ठरवलं गेलं. मॅकआर्थर या लष्करी डॉक्टरनं हा पट्टकृमीचा प्रताप असल्याचं दाखवून दिलं. पुढे १९६१ मध्ये डिक्सन आणि लिप्सकोम्ब यांनी अशा ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांतले बहुतेक भारतात राहून गेलेले होते. लागण झाल्यापासून पहिली फिट येईपर्यंत बहुतेकांची काही वर्षं गेली होती. न्यूयॉर्कमधल्या कट्टर ज्यू कुटुंबांतल्या चौघांच्या मेंदूत हे दाणे सापडल्याचं १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. डुकराला न शिवणाऱ्या घरांत हे आलं कसं? स्वयंपाकाला आणि घरकामाला असलेल्या बायांच्या मार्फत, ज्यांच्यापैकी कुणाच्या तरी पोटात, त्यांना स्वतःलाही माहीत नसताना, पट्टकृमी होता.

आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. वेदान्तम् राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजारावर दीर्घकाळ काम केलं. सीटी स्कॅन आल्यावर भारतातल्या फिट येणाऱ्या तरुणांच्या मेंदूत एकच लहानशी कडी दिसू लागली. डॉक्टर ती क्षयाची गाठ समजून महिनोन्महिने क्षयाची औषधं देत. वेल्लोरच्या मंडळींनी दाखवलं की २० मिलिमीटरपेक्षा लहान अशी एकटी कडी बहुतेक वेळा मरणपंथाला लागलेला पट्टकृमीचा दाणा असते आणि ती आपोआप विरूनही जाते. किती जणांवरची शस्त्रक्रिया आणि विनाकारण दिलेली औषधं या कामामुळे टळली असतील याची कल्पनाच करावी. वेल्लोर भागात केलेल्या पाहणीत चालू मिरगी असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांच्या मिरगीमागे हाच कृमी निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेनं २०१४ मध्ये अन्नातून येणाऱ्या परजीवींची क्रमवारी लावली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर टीनिया सोलियम होता आणि दुसऱ्यावर कुत्र्याचा एकिनोकॉकस.

सौंसर-पांढुर्ण्याच्या घरात पोराला पहिली फिट येते तेव्हा कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा. जामसावळीच्या मारुतीला नवस बोलला जातो. नवस बोलावा, मनाला आधार मिळतो. पण त्याच आठवड्यात नागपूर गाठावं, मेंदूचा स्कॅन करावा, आणि फिटचं औषध सुरू झालं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवू नये. फिट चालू असताना पोराला कुशीवर वळवावं, तोंडात काहीही घालू नये. मिरगी म्हणजे कुळाचा दोष नव्हे, लग्नाला अडसर नव्हे. यातली पुष्कळशी मिरगी एका कृमीच्या दाण्याची जखम असते, आणि अनेकांची फिट काही काळाच्या औषधांनंतर थांबते.

उपाय डुकरापासून सुरू होतो आणि त्यात एक अभिमानाची गोष्ट आहे. मेलबर्न विद्यापीठातले मार्शल लाइटओलर्स यांनी डुकरांसाठी टीएसओएल१८ ही लस शोधली, आणि तिचं उत्पादन हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सनं केलं. ती टोचून सोबत ऑक्सफेंडाझोल हे औषध दिलं की डुकराच्या मांसातले जुने दाणे मरतात आणि नवे धरत नाहीत. पेरूमधल्या तुंबेस प्रांतात माणसांना औषध आणि डुकरांना औषध-लस असं एकत्र दिलं गेलं, आणि बहुतेक गावांत साखळी तुटली. लस आपल्या देशात बनते. ती नाल्याकाठी डुकरं पाळणाऱ्या कुटुंबांपर्यंत पोचवणं ही पशुसंवर्धन खात्याची जबाबदारी व्हायला हवी. खर्चही सरकारचाच हवा. मोकाट डुकरं म्हणून त्या कुटुंबांना हाकलून काही साधणार नाही. ती डुकरं ज्या शौचावर जगतात ते सगळ्या गावाचं असतं. २०१९ मध्ये देश हागणदारीमुक्त जाहीर झाला. शौचालयाला पाणी आहे का, आणि शेतात राबणारा मजूर दिवसभर कुठं जातो, हे प्रश्न तरीही गावागणिक विचारावे लागतील.

शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी गोल जंत आणि अंकुशकृमी यांच्यासाठी आहे, ती मुलांना जरूर द्यावी. पण ती घेतली म्हणून पट्टकृमी गेला असं समजू नये. ज्याला फिट येतात त्यानं तर स्वतःच्या मनानं अल्बेंडाझोल घेऊच नये. मेंदूतले दाणे औषधानं एकदम मरू लागले की भोवती सूज येते. ती आवरायला आधी स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि ते ठरवायचं काम डॉक्टरचं. उलट घरात एखाद्याच्या मेंदूत दाणा निघाला, तर डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांची, स्वयंपाक करणाऱ्यांची सर्वांत आधी, शौचाची तपासणी करून घ्यावी. शौचातून चपटी, पांढरी, फितीच्या तुकड्यांसारखी पेरं पडतात का, हेही विचारावं, आणि हे विचारताना कुणाला लाजवू नये. कुणाच्या पोटात पट्टकृमी सापडलाच तर निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वांटेलच्या एका मात्रेत तो बहुतेक वेळा निघून जातो. प्राझिक्वांटेल मात्र मेंदूतल्या दाण्यांपर्यंतही पोचतं, म्हणून ज्याला कधी फिट आली आहे त्याला कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवावं.